ओसाड मनोरुग्णालयाचा भयपट करायचाय? आधी कूलर बंद करा

प्रश्न नागपुरातल्याच एका इंजिनिअरिंगच्या पोराचा आहे. थोडक्यात असा: "पंधरा मिनिटांची सायकॉलॉजिकल हॉरर शॉर्टफिल्म करतोय. पाच मित्र रात्री एका बंद पडलेल्या मेंटल हॉस्पिटलात शिरतात, तिथे जुन्या पेशंटचे आत्मे आहेत. बजेट साठ हजार. स्क्रिप्ट वाचून मित्र घाबरायच्या ऐवजी हसतात. भीती कशी आणायची, कोणते सिनेमे पाहायचे, आणि आपल्या पागलखान्यात शूटिंगची परवानगी मिळते का?"

मी बावीस वर्षं साउंडचं काम करतो. लोकेशनवर रेकॉर्डिंग, मग टेबलावर डिझाइन आणि मिक्स. त्यामुळे उत्तर कानाच्या बाजूनं येईल, सांभाळून घे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो एका वाक्यात संपतो. परवानगी विसरून जा. पागलखाना चौकाचं नाव ऑटोवाल्यांच्या तोंडी आहे म्हणून ते इस्पितळ इतिहासजमा झालंय असं तुला वाटत असेल, तर एकदा सकाळी ओपीडीच्या वेळेला तिथून जाऊन बघ. प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासून आहे, मंजूर खाटा 940 आहेत, आणि आत माणसं राहतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात साफ लिहिलंय की उपचार घेत असलेल्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. म्हणजे भिंतीवरून ड्रोन उडवायची आयडिया डोक्यात असेल तर तीही काढून टाक.

यातूनच तुझ्या स्क्रिप्टची खरी अडचण दिसते. ओसाड मनोरुग्णालय ही आपल्याकडची वस्तू नाही, बाहेरून आणलेली आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात थॉमस किर्कब्राइड नावाच्या डॉक्टरच्या आराखड्यानं प्रचंड इमारती उभ्या राहिल्या. मधे मुख्य इमारत आणि दोन्ही बाजूंना वटवाघळाच्या पंखांसारखे मागे मागे सरकत गेलेले वॉर्ड. हेतू चांगला होता: प्रत्येक खोलीला उजेड आणि वारा मिळावा, माणूस त्यानंच निम्मा बरा होईल. पुढे त्या ठासून भरल्या. मग 1950 च्या दशकात मानसिक आजारावरची क्लोरप्रोमझीनसारखी औषधं आली, 1963 मध्ये केनेडींच्या काळात उपचार वस्तीत नेण्याचा कायदा झाला, आणि काही दशकांत त्या इमारती एकेक करून रिकाम्या पडल्या. इटलीनं तर 1978 मध्ये कायदा करूनच मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. तिकडच्या पोरांच्या गावाबाहेर खरोखरच तशी एखादी पडकी इमारत असते, त्यांचे आजोबा तिथे वॉर्डबॉय असतात. आपल्याकडे असं सामूहिक रिकामं होणं झालंच नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, राज्यातली चारही चालू आहेत. म्हणून तुझे पाच मित्र गेट ढकलून आत शिरतात तेव्हा नागपूरच्या प्रेक्षकाला आधी वाटतं, "वॉचमन कुठाय बे?" आणि तो हसतो.

आता सिनेमे. यादी मोठी देता येईल, पण मी तीनच देतो. त्यातला एक दहा वेळा पाहा, बाकीचे दोन एकेकदा पाहिलेस तरी पुरे.

दहा वेळा पाहायचा तो 'सेशन नाइन', 2001 चा, दिग्दर्शक ब्रॅड अँडरसन. मॅसॅच्युसेट्समधल्या डॅनव्हर्स इथल्या खऱ्या मनोरुग्णालयात तो चित्रित झाला. इमारत 1878 ची, किर्कब्राइडच्याच पद्धतीची, 1992 मध्ये बंद पडलेली. सिनेमानंतर काही वर्षांनी तिचा बराचसा भाग पाडून तिथे फ्लॅट झाले. गोष्ट काय? इमारतीतलं ॲस्बेस्टॉस काढायला आलेले पाच कामगार. बस. ठेकेदारानं काम मिळवायच्या नादात आठवड्यात उरकून देतो असा शब्द दिलाय. भुताटकी शोधायला कुणीही आलेलं नाही.

यातली चलाखी बघ. मजा म्हणून आलेल्या माणसाला भीती वाटली की तो पळून जाऊ शकतो. तो पळत का नाही, याचं कारण मग लेखकाला ओढूनताणून आणावं लागतं: दार लॉक झालं, गाडी सुरू होईना, मोबाइलला रेंज नाही. तुझ्या स्क्रिप्टमध्ये तिन्ही आहेत. ज्याला मजुरी घ्यायची आहे तो मात्र थांबतो. घाबरतो, शिव्या देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत येतो. त्याचं दार उघडंच असतं, आणि तेच जास्त भयंकर आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे या सिनेमाचा मोठा भाग दिवसाउजेडी घडतो. मोठाल्या खिडक्या, ऊन, सोललेला रंग. फिल्मऐवजी तो त्या वेळी नव्यानं आलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर शूट झालाय, त्यामुळे चित्राला एक कोरडेपणा आहे, जणू कुणी कामाची नोंद म्हणून व्हिडिओ काढून ठेवलाय. तुझ्याकडे मोबाइल किंवा साधा मिररलेस कॅमेरा असेल तर तो कोरडेपणा तुला फुकट मिळतोय, त्यावर निळसर फिल्टर मारून तो घालवू नकोस.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. कामगारांतल्या एकाला तिथे जुन्या उपचाराच्या सत्रांच्या ध्वनिफिती सापडतात. नऊ सत्रं. एक डॉक्टर, एक रुग्ण बाई आणि तिच्यातून बोलणारे वेगवेगळे आवाज. तो काम सोडून एकेक फीत ऐकत बसतो. आपल्याला त्या बाईचा चेहरा चालता-बोलता कधीच दिसत नाही. फक्त टेपची खरखर, डॉक्टरचा समजूतदार आवाज आणि मधली शांतता. टेप वर्षानुवर्षांपूर्वीची, ऐकणारा आजचा, आणि वरच्या मजल्यावर बाकीचे पोती भरतायत. या तिघांना एकत्र बांधणारं काही दाखवलेलं नाही, ते आपण बांधतो आणि आपणच घाबरतो. शेवट सांगत नाही.

जनरेटर बंद पडतो तो प्रसंगही नीट पाहा. अंधाराला घाबरणारा सगळ्यात लहान पोरगा भुयारात आहे आणि त्याच्या मागचे दिवे एकापाठोपाठ एक जात येतायत. मागे कुणी नाही. फक्त दिवे जातायत. हे आपल्याला परकं नाही. मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर उडतो तेव्हा गल्लीतले लाइट कसे जातात, ते गच्चीवर उभं राहून आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दुसरा, 'ग्रेव्ह एन्काउंटर्स', 2011, कॅनडातल्या रिव्हरव्ह्यू इस्पितळात शूट झालेला. भूत शोधण्याचा टीव्ही कार्यक्रम करणारी टोळी आत कोंडली जाते. पुढे पुढे त्यात भुतांचे चेहरे ताणून दाखवलेत, ते मला बालिश वाटतात. पण एक कल्पना अस्सल आहे: ते बाहेर जायचं दार फोडतात आणि पलीकडे आणखी एक पॅसेज निघतो. घड्याळात सकाळ झालीय आणि बाहेर उजाडत नाही. एवढ्यासाठी पाहा.

तिसरा कोरियाचा, 'गोंजियाम', 2018. इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणारी तरुण पोरं, अंगावर बांधलेले कॅमेरे, चेहरा सतत समोर. तुझ्या स्क्रिप्टच्या सगळ्यात जवळचा हाच आहे, आणि म्हणूनच जपून पाहा, नाहीतर नकळत त्याची नक्कल होईल. याची पडद्यामागची हकीकत जास्त कामाची आहे. गोंजियामचं खरं इस्पितळ 1996 मध्ये बंद पडलं, आणि मग रुग्ण एकापाठोपाठ मेले, प्रमुखानं जीव दिला अशा वावड्या उठल्या. खरं कारण सांडपाण्यासारख्या रटाळ गोष्टींशी जोडलेलं होतं. जागेचा मालक सिनेमाविरुद्ध कोर्टात गेला, तिथे त्याचं काही चाललं नाही, आणि त्याच वर्षी इमारतही पाडली गेली. शूटिंग तर तिथे झालंच नव्हतं, बुसानमधल्या एका बंद शाळेत सेट लावला होता. म्हणजे तुलाही मनोरुग्णालय लागत नाही. लांब पॅसेज लागतो.

आता मुद्द्याचं. सायकॉलॉजिकल हॉरर आणि भुताचा सिनेमा यांत फरक काय, असं वर्कशॉपमध्ये दर वेळी कुणीतरी विचारतंच. पुस्तकी उत्तरं पुष्कळ आहेत. माझं उत्तर असं की भुताच्या सिनेमात भीती असते "तिथे काहीतरी आहे" याची. मनोरुग्णालयाच्या सिनेमात भीती असते "मी सांगितलं तर कोण ऐकणार" याची. ही एकच अशी इमारत आहे जिच्या आत शिरल्यावर तुझ्या शब्दाची किंमत जाते. "मी ठीक आहे" हे वाक्य घरी म्हटलं तर दिलासा, तिथे म्हटलं तर लक्षण.

नेली ब्लाय नावाची अमेरिकन पत्रकार 1887 मध्ये वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात दहा दिवस राहिली. आत गेल्यावर तिनं सोंग सोडलं, साधं नेहमीसारखं वागायला लागली. काही फरक पडला नाही. 1973 मध्ये डेव्हिड रोझेनहान या मानसशास्त्रज्ञानं असाच प्रयोग छापला: आठ धडधाकट माणसं, बारा इस्पितळं, सरासरी मुक्काम 19 दिवस. त्यातला कुणीतरी वहीत नोंदी करायचा, तर त्याच्या कागदावर "लिहिण्याचं वर्तन" अशी नोंद झाली. या प्रयोगाच्या खरेपणावर सुझाना कहालन या लेखिकेनं 2019 मध्ये गंभीर शंका घेतल्या आहेत, तेव्हा तो पुरावा म्हणून नाचवू नकोस. पण पटकथा लिहिणाऱ्यासाठी ते दोन शब्द सोन्यासारखे आहेत. लिहिणाऱ्याचं लिहिणंच आजार ठरलं, आता तो काय लिहिणार?

शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत 'डॉ. कॅलिगरी' केला त्यांनाही हे कळलं होतं. 1920 चा मूकपट. सगळी गोष्ट सांगून झाल्यावर कळतं की सांगणारा स्वतःच मनोरुग्णालयात आहे. मग त्याचं आधीचं सगळं खोटं? ते चित्रपट सांगत नाही. तो फक्त सांगणाऱ्याची पत काढून घेतो.

म्हणून तुझे आत्मे काढून टाक, असं माझं म्हणणं आहे. सगळेच. हे मी शहाणपणानं नाही, चुकीतून सांगतोय. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका शॉर्टफिल्मचं साउंड केलं होतं. त्यात वॉर्डमध्ये रुग्णांचं हसणं होतं, मी ते चार आवाज एकावर एक चढवून, पिच खाली ओढून फार हौसेनं बनवलं होतं. दाखवून झाल्यावर एक बाई जवळ आल्या. शांतपणे म्हणाल्या, "माझा भाऊ आत आहे. तो असा हसत नाही. तो काहीच बोलत नाही हो, त्याचीच आम्हाला भीती वाटते." मला लाज वाटली, ते सोड. पण घरी आल्यावर मी तो ट्रॅक उघडला, हसणं म्यूट केलं आणि पाहिलं. प्रसंग दुप्पट अंगावर आला. एक बाई कॉटवर बसलेली, समोर तिचा नवरा डबा उघडतोय, स्टीलच्या झाकणाचा आवाज, आणि ती बघत नाही.

शॉकचा सीनही काढून टाक. खुर्चीला बांधून, तोंडात कापड कोंबून, ठिणग्या उडवून. आपल्याकडे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ती उपचारपद्धती वापरायला 2017 च्या कायद्यानं बंदी आहे. पाहणाऱ्यांत कुणाच्या तरी आईनं ती घेतलेली असते आणि ती बरी होऊन घरी स्वयंपाक करत असते.

मग उरलं काय? मला विचारशील तर असं कर. पाच मित्रांचे दोन भंगारवाले कर, एक मुकादम आणि एक पोरगा. धंतोलीत डॉक्टरच्या पाटीवर पाटी आहे, तिथलं एखादं जुनं बंद नर्सिंग होम कल्पून घे: डॉक्टर वारले, मुलं परदेशात, बिल्डरला ताबा द्यायचाय, चार दिवसांत पंखे, कॉट, तांब्याची वायर काढून न्यायची. मानसिक आजारांचं नर्सिंग होम होतं हे पाटीवरच्या अर्ध्या उडालेल्या अक्षरांतून कळू दे. पोरगा पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावरचे पंखे मोजतो, अकरा. दुसऱ्या दिवशी दहा. तो मुकादमाला सांगतो. मुकादम म्हणतो, "हो, हो. असंल."

हे "हो, हो" तुझं भूत आहे. पहिल्यांदा ते साधं असतं. दुसऱ्यांदा पोरगा सांगतो की वर कुणीतरी आहे, तेव्हा मुकादम जरा जास्त प्रेमानं म्हणतो, "हो, हो, बस तू, पाणी पी." तिसऱ्यांदा पोराला कपाटात जुना केस पेपर सापडतो आणि त्यात डॉक्टरच्या अक्षरात रुग्णाचं म्हणणं लिहिलेलं असतं: पंखे कमी होतात असे सांगतो. यापुढे मी लिहीत नाही, फिल्म तुझी आहे. फक्त चौथं "हो, हो" माइक अगदी ओठांजवळ नेऊन वेगळं रेकॉर्ड कर, म्हणजे मुकादम दारात उभा दिसला तरी आवाज कानात येईल. प्रेक्षकाला काय बिघडलंय ते सांगता येणार नाही, पण तो खुर्चीत हलेल.

आवाजाचं आता सविस्तर सांगतो, कारण साठ हजारांत तुला खरी भीती इथेच परवडते.

आपण सगळे दिवसरात्र विजेच्या गुणगुणीत राहतो. आपली वीज 50 हर्ट्झची. ट्यूबलाइटचा जुना चोक आणि गल्लीतला ट्रान्सफॉर्मर त्याच्या दुपटीनं, 100 हर्ट्झवर घुमतात. फ्रिज, इन्व्हर्टर, पंखा, सगळ्याची त्यात भर. कान ते ऐकणं कधीच सोडून देतात. ज्या इमारतीची वीज वर्षानुवर्षं कापलेली आहे तिथे ही गुणगुण नसते, आणि आत पाऊल टाकताच कानाला दडा बसल्यासारखं होतं. ओसाड जागेचा खरा आवाज तो आहे. घुबड किंवा करकरणारं दार नंतरचं.

फिल्ममध्ये तो असा आण: बाहेरच्या सगळ्या सीनमध्ये, चहाच्या टपरीवर, टेम्पोत, अगदी हलकी गुणगुण राहू दे. पोरगा उंबरठा ओलांडतो त्या कटवर ती एकदम काढून टाक. संगीत नको. मग तिसऱ्या दिवशी, वरच्या मजल्यावरच्या एकाच खोलीत, जिथे मीटर नाही, वायर तर यांनीच उपटून नेलीय, तिथे ट्यूबलाइटची गुणगुण सुरू कर. ट्यूबलाइट दाखवू नकोस.

आजकाल प्रत्येक पोरगा मला विचारतो, "सर, 19 हर्ट्झ टाकू का?" विक टँडी नावाच्या इंग्लिश अभियंत्यानं 1998 मध्ये लिहिलं होतं की त्याच्या प्रयोगशाळेत भूत वाटत होतं ते एका पंख्याच्या साधारण 19 हर्ट्झच्या ऐकू न येणाऱ्या कंपनामुळे. गोष्ट झकास आहे, पण तुझी फिल्म लोक मोबाइलवर पाहणार. मोबाइलचा स्पीकर शंभर हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच वाजवत नाही, मग तुझा 19 हर्ट्झ कोण ऐकणार? आता म्हणशील, मग 100 हर्ट्झची गुणगुण तरी कशी पोहोचेल? तिच्या वरच्या पटी, 200, 300, 400, या वाढव. कान खालचा सूर आपला आपण भरून घेतो. मिक्स झाला की एकदा आईच्या फोनवर, घरातल्या आवाजात ऐकून पाहा. तिथे भीती वाटली तरच ती आहे.

प्रत्येक खोलीत दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड कर. सगळ्यांनी बाहेर जायचं, मोबाइल बंद, रेकॉर्डर स्टँडवर. हे नंतर स्टुडिओत बनत नाही. आणि शूटिंग उन्हाळ्यात ठेवू नकोस, कृपा कर. एप्रिलपासून जूनपर्यंत नागपूरची रात्र म्हणजे कूलर. अर्धा किलोमीटर दूरच्या बिल्डिंगचा डेझर्ट कूलरसुद्धा रात्री दोन वाजता माइकमध्ये पाण्याच्या धारेसारखा येतो, आणि तो कोणत्याही प्लगइननं स्वच्छ निघत नाही. डिसेंबरात कर. थंडीत लांबचा आवाज रात्री जास्त स्पष्ट येतो, रेल्वेचा भोंगा तर येतोच येतो, तो ठेव. टिटवी ओरडली तर तीही ठेव. आपल्या प्रेक्षकाला तिचं ओरडणं अशुभ हे कुणी शिकवावं लागत नाही. पण एकदाच. दोनदा ओरडली की ती साउंड इफेक्ट होते.

जागेबद्दल दोन-तीन गोष्टी घाईत. मालकाचं लेखी पत्र घे आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कळवून ठेव. कबुतरांची विष्ठा साचलेली खोली झाडू नकोस, मास्क लाव आणि पाणी मारून मगच हात लाव. जुने सिमेंटचे पत्रे फोडू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. 'सेशन नाइन'मधले कामगार अंगभर सूट घालून फिरतात ते शोभेसाठी नाही. दिवसा एकदा जाऊन साप-विंचवाची खात्री करून या, आणि कठडा नसलेल्या जिन्यावर रात्रीचा शॉट ठेवू नका.

नवीन ड्राफ्ट लिहिलास की पाठव. त्याआधी मात्र एक रेकॉर्डिंग पाठव: तुझ्या घरातली रात्री तीनची शांतता, मेन स्विच चालू असताना दोन मिनिटं आणि बंद करून दोन मिनिटं. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह फाइल. एमपी3 नको. घरच्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर आजी उठून लाइट का गेली म्हणून विचारेल, आणि ते रेकॉर्ड होईल. झालं तर तेही पाठव.